थिओडोर कुक : पूल, प्राचार्यपद आणि मोरवेल

दरवर्षी १५ सप्टेंबरला सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग चहा आणि वेफर्स. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले हे आपल्याला पाठ असतं. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ सालचे, हेसुद्धा क्विझमुळे माहीत असतं. पण ते तिथे शिकत होते तेव्हा त्या कॉलेजचे प्राचार्य कोण होते? हा प्रश्न मी आमच्या विंगमधल्या दहा-बारा जणांना विचारला. सिव्हिलवाल्यांनासुद्धा सांगता आलं नाही. मग गावाकडच्या एका मित्राला फोन केला, तो बॉटनीत एम.एस्सी. करतोय. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याने उत्तर दिलं, "कुक! अरे, आमचं सगळं त्याच्या पुस्तकावर चालतं."

म्हणजे बघा, जो माणूस पेशाने इंजिनिअर, ज्याने अठ्ठावीस वर्षं इंजिनिअर घडवले, त्याला ओळखतात वनस्पतीशास्त्रवाले. या डॉ. थिओडोर कुक यांच्याविषयी थोडं सांगावं म्हणून हा लेख.

कुक यांचा जन्म १८३६ सालचा, आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड परगण्यातल्या ट्रामोर या समुद्रकाठच्या गावातला. वडील धर्मोपदेशक. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झालं. गणितात सुवर्णपदक मिळालं, त्याशिवाय इंजिनिअरिंगची पदवी घेतली. यंत्रशास्त्र, रसायन, खनिजशास्त्र, भूशास्त्र असे विषयही त्यांनी केले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलगा टॉपर होता. वनस्पतीशास्त्राशी मात्र त्यांच्या नोकरीचा काही संबंध नव्हता.

१८६० साली ते हिंदुस्थानात आले ते रेल्वेच्या नोकरीसाठी. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज, तेव्हा गुजरातकडून मुंबईकडे लोहमार्ग आणत होती. मार्गात नद्या आणि खाड्या पुष्कळ, त्यात सगळ्यात अवघड जागा वसईची खाडी. विरार लोकलने गेलेल्यांना ती माहीत असेलच. भाईंदर सोडलं की दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये पाणजू बेट, मग पुन्हा पाणी आणि नायगाव. खाली भरती-ओहोटीचा गाळ. या मार्गावरच्या पुलांसाठी स्क्रू पाइल वापरले होते. लोखंडी पोकळ खांबाच्या टोकाला स्क्रूसारखं रुंद पातं बसवायचं आणि खांब फिरवत फिरवत गाळात उतरवायचा. वर वॉरेन पद्धतीचे, म्हणजे त्रिकोणांचे गर्डर. आपण सेकंड इयरला ज्या ट्रसची गणितं करतो त्याच घराण्यातले. वसईच्या त्या मोठ्या लोखंडी पुलाच्या बांधकामाशी कुक यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठावीस.

पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, त्यांची पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी नेमणूक झाली. हे कॉलेज म्हणजे १८५४ साली सरकारी बांधकाम खात्याला माणसं पुरवण्यासाठी सुरू झालेला वर्ग. तो वाढत वाढत कॉलेज झाला, पुढे त्याचं नाव कॉलेज ऑफ सायन्स पडलं, १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं आणि २०२२ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ. मुळा-मुठेच्या संगमाजवळची जुनी दगडी इमारत पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. तिची पायाभरणी झाली तीसुद्धा १८६५ सालीच. कुक यांनी तिथे १८९३ पर्यंत काम केलं. कॉलेज ऑफ सायन्स हे नाव पडलं ते त्यांच्याच काळात, आणि ते नावापुरतं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या जोडीला शेती आणि वनशास्त्राचं शिक्षण तिथे मिळू लागलं. वनस्पतीशास्त्र शिकवायला जी. मार्शल वुड्रो होते, तेच गणेशखिंडीतल्या बागेचेही प्रमुख. अशा वातावरणात प्राचार्यांची नजर सह्याद्रीतल्या झाडाझुडपांवर गेली आणि मग ती तिथून हललीच नाही.

त्या काळी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर पुस्तकं नव्हती असं नाही. जॉन ग्रॅहम यांची यादी १८३९ ची. डॅल्झेल आणि गिब्सन या वनाधिकाऱ्यांचं पुस्तक १८६१ चं. पण इलाखा केवढा? सिंधपासून थेट कारवारपर्यंत. वाळवंट, खाजणं, दख्खनची पठारं, कोकण आणि मधोमध घाट. नवी माहिती येतच होती. न्यायाधीश बर्डवुड माथेरान-महाबळेश्वरच्या झाडांची यादी करत होते, गोव्याकडचे डॉ. लिस्बोआ गवतांच्या मागे होते, वनखात्यातले टॅल्बट जंगलं पालथी घालत होते. हे सगळं एका जागी आणून, ताडून, एकाच पद्धतीने लिहून काढणारं कोणी तरी हवं होतं. १८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची स्थापना झाली आणि १८९१ मध्ये पश्चिम भारताच्या सर्वेक्षणाची जबाबदारी आली कुक यांच्याकडे. वनस्पतींच्या सरकारी खात्याची जबाबदारी एका इंजिनिअरिंगच्या प्राचार्यावर!

आता त्यांच्या पुस्तकाकडे येऊ. नाव 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', प्रकाशन १९०१ ते १९०८, भागाभागाने. मी ते प्रथम उघडलं ते उत्सुकतेपोटी, आणि सुरुवातीलाच थबकलो. कारण बेंथॅम आणि हूकर यांच्या पद्धतीप्रमाणे पहिलं कुळ येतं रॅननक्युलेसी आणि त्यातली पहिली प्रजाती क्लेमॅटिस. क्लेमॅटिस म्हणजे कोण? तर आपली मोरवेल, रानजाई! पावसाळा सरता सरता घाटात गेलं की कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर जी पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं पसरलेली दिसतात, ती. आपण ट्रेकला जाताना तिच्या शेजारून शंभरदा गेलेलो असतो.

या वेलीत इंजिनिअरने बघण्यासारखं बरंच आहे. एक तर फुलाला ज्या चार पांढऱ्या पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नाहीतच, कळीवरच्या बाहेरच्या दलांनीच पाकळ्यांचं काम उचललेलं असतं. दुसरं म्हणजे चढण्याची तऱ्हा. काकडीसारखे ताणे नाहीत, काटे-आकडे नाहीत. पानाचा देठच फांदीला टेकला की वळतो, वेढा घालतो आणि नंतर जाड होऊन घट्ट बसतो. चार्ल्स डार्विनने क्लेमॅटिसच्या अनेक जातींवर हे प्रयोग केले होते. देठावर दोऱ्याचे अगदी हलके वेढे अडकवायचे आणि एवढ्याशा भाराने तो वळतो का ते बघायचं. तो निबंध छापला गेला १८६५ साली, म्हणजे कुक पुण्यात रुजू झाले त्याच वर्षी. तिसरी गोष्ट फळाची. फूल गळलं की प्रत्येक बारीक फळाला पिसासारखी लांब, केसाळ शेपटी येते. वारा आला की ते पीस बी घेऊन उडतं. डोंगरकडेला याहून स्वस्त वाहतूक नाही.

पण हे सगळं कळायच्या आधी एक साधा प्रश्न असतो : समोरची वेल नेमकी कुठली? आपल्या डोंगरांत क्लेमॅटिसच्या एकापेक्षा जास्त जाती आहेत. एकीची फुलं बारीक आणि भरगच्च घोसात, दुसरीची मोठी आणि मोकळी. एकीचं पान तीन पर्णिकांचं, दुसरीचं त्याहून जास्त. लांबून सगळ्या सारख्याच. गोंधळ टाळायला एकच उपाय, तो म्हणजे हर्बेरियम. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह.

हर्बेरियमचं शीट कसं तयार होतं ते मी मुद्दाम त्या मित्राकडून समजून घेतलं. फुलाफळासकट फांदी घ्यायची, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पसरून ठेवायची, वरखाली फळ्या आणि पट्टे आवळायचे. रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. घाटातल्या पावसाळ्यात हेच सगळ्यात कठीण, कारण तेव्हा माणसाचे कपडेसुद्धा वाळत नाहीत. वाळल्यावर कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईडचा विषारी हात द्यायचा आणि जाड कागदावर चिकटवायचं. आणि मग खालच्या कोपऱ्यात लेबल : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नंबर. मित्र म्हणाला की लेबल नसेल तर ते नुसतं वाळकं गवत. मला आपली टेस्ट क्यूब आठवली. कास्टिंगची तारीख आणि मिक्स लिहिलं नसेल तर त्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा उपयोग दाराला अडसर म्हणूनच.

मागच्या ऑक्टोबरात मी हे करूनही पाहिलं. हॉस्टेलमागच्या कुंपणावरची मोरवेलीची एक फांदी, जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि फर्स्ट इयरनंतर पलंगाखाली पडून असलेले दोन ड्रॉइंग बोर्ड, वर चार विटा. रूममेटने कपाळावर हात मारून घेतला. पण दहा दिवस इमानदारीने कागद बदलले आणि फांदी मस्त सपाट वाळली. एका फांदीला दहा दिवस. कुक आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी हे हजारोंच्या हिशेबात केलं, बैलगाडी आणि पायी प्रवासाच्या काळात.

आता या पुस्तकातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त भावली ती सांगतो. प्रत्येक जातीच्या वर्णनाखाली ती कुठे सापडते त्याची नोंद असते. कोकण अमुक, दख्खन तमुक, ठिकाणाचं नाव, गोळा करणाऱ्याचं नाव. आणि बऱ्याच नावांपुढे एक उद्गारचिन्ह. स्टॉक्स! लॉ! वुड्रो! कुक! मला आधी वाटलं साहेबांना फार आनंद झालाय. पण नाही. वनस्पतीशास्त्रात त्या चिन्हाला ठरलेला अर्थ आहे : हा नमुना लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. ज्या नावापुढे चिन्ह नाही ती माहिती कोणाकडून तरी आलेली. चुकीची असेलच असं नाही, पण लेखकाने पाहिलेली नाही, आणि तो ते लपवत नाही.

माझ्या मते अख्ख्या पुस्तकाचा कणा त्या एवढ्याशा चिन्हात आहे. आपल्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात 'ड्रॉन बाय', 'चेक्ड बाय' असे रकाने असतात ना, तसंच हे. पुलाच्या साइटवर तपासल्याशिवाय सही करायची नाही, नाहीतर गाडी खाडीत जाईल, हा धडा ज्याने विशीत घेतला तो माणूस साठी उलटल्यावर वेलींच्या नोंदीही त्याच शिस्तीने करत होता, असं मला तरी दिसतं.

त्या नावांच्या रांगेत आणखी दोन नावं भेटतात आणि ती वाचताना मराठी माणसाचं बोट थांबतं : कानिटकर आणि भिवा. कानिटकर हे तरी आडनाव आहे, बाकी साहेबांच्या नावांसारखं. भिवा मात्र नुसताच भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही. इंग्रजी राज्यात पुस्तक लिहिणारे साहेब असणार आणि घाट तुडवणारे भिवा असणार, ही त्या काळाची रीतच होती, आणि ती काही चांगली रीत नव्हती. मोठमोठ्या कामांतून अशी किती तरी नावं साफ पुसली गेली. वसईचा स्क्रू पाइल प्रत्यक्ष फिरवणाऱ्या मजुरांपैकी एकाचंही नाव आज आपण सांगू शकत नाही. पण या पुस्तकात भिवा पुसला गेला नाही. ज्या ओळीत वुड्रो आहे त्याच तऱ्हेने, तसल्याच तिरक्या अक्षरात भिवा आहे, आणि पुढे तेच उद्गारचिन्ह. म्हणजे भिवाने आणलेली फांदी कुक यांनी हातात घेतली, तपासली आणि ग्राह्य धरली. पुराव्यापुरता का होईना, तिथे प्राचार्य आणि भिवा एका पातळीवर आले. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी जगभरचे अभ्यासक त्या नोंदी वापरतात आणि त्यात भिवाचं नाव घेतात. आपण होस्टेलवर चौघांच्या प्रोजेक्टमध्ये कोणाचं नाव टाकायचं आणि कोणाचं गाळायचं यावरून रात्री दोनपर्यंत भांडतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

१८९३ मध्ये कुक निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. वय सत्तावन्न. पेन्शन होती, सी.आय.ई. हा किताब होता, आरामात बसायला कोणाची ना नव्हती. काही वर्षं त्यांनी लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं आणि मग क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानात जाऊन बसले. तिथे हिंदुस्थानातून गेलेले जुने नमुने होते, त्यांच्याशी आपले नमुने ताडून बघणं शक्य होतं. एकेक जात घ्यायची, मोजायची, वर्णन लिहायचं, पूर्वीच्या लोकांनी दिलेली नावं तपासायची, आणि पाहिलं असेल तरच उद्गारचिन्ह द्यायचं. पुस्तकाचा पहिला भाग आला तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते, शेवटचा आला तेव्हा बहात्तर. सह्याद्री हजारो मैल दूर, डोळ्यांसमोर फक्त वाळलेल्या फांद्या. ५ नोव्हेंबर १९१० रोजी क्यू इथेच त्यांचं निधन झालं. पुस्तक पूर्ण होऊन फक्त दोन वर्षं झाली होती.

पुस्तक मात्र थांबलं नाही. स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची नव्याने उभारणी झाली, १९५५ मध्ये पुण्यात पश्चिम विभागाचं कार्यालय आलं आणि कुक यांच्या ग्रंथाचं पुनर्मुद्रणही सर्वेक्षणानेच केलं. अर्थात त्यातलं सगळं आज जसंच्या तसं चालत नाही. मोरवेलीचंच घ्या. कुक यांनी जिला क्लेमॅटिस ट्रायलोबा म्हटलं, ते नाव नियमांनुसार दुसऱ्याच वेलीला आधी दिलेलं निघालं. म्हणून एम. ए. राव या भारतीय वनस्पतीतज्ज्ञांनी तिला क्लेमॅटिस हेनाय असं नवं नाव दिलं. नाव बदललं, पण कुठल्या वेलीविषयी बोलणं चाललंय यावर वाद झाला नाही. कारण नमुना कपाटात आहे. कोणीही जाऊन बघावं. हर्बेरियमची खरी ताकद हीच. पुस्तक चुकलं तर दुरुस्त करता येतं, पण दुरुस्तीसाठी मूळ पुरावा जपलेला असावा लागतो.

कोणी म्हणेल, वाळक्या फांद्या जपून आज काय मिळतं? एक उदाहरण देतो. अमेरिकेत बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये शंभरेक वर्षांची हर्बेरियम शीट्स होती. त्यांवरच्या तारखा आणि आजची फुलं यांची तुलना करून २००४ साली संशोधकांनी दाखवलं की तिथली झाडं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा सुमारे ८ दिवस आधी फुलू लागली आहेत. हवामान बदलाचा पुरावा वाळलेल्या फुलांतून निघाला! ज्यांनी ती शीट्स केली त्यांना हवामान बदल हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली होती. आपल्या घाटांत आता रस्ते रुंद होतायत, डोंगर फुटतायत, फार्महाऊस उठतायत. आणि हे करणारे बहुतेक इंजिनिअरच, म्हणजे उद्याचे आपणच. एखाद्या डोंगरकडेला पूर्वी काय होतं हे कळायला आपल्याकडे जुनी नोंद हवी, आणि आज काय आहे हे पुढच्यांना कळायला आज कोणी तरी नोंद करायला हवी. सर्व्हे कॅम्पला जाताना आपण लेव्हल आणि स्टाफ घेऊन त्याच झाडीतून फिरतो. फील्ड बुकात बेंचमार्क लिहितो, पण ज्या झुडपाआड उभे राहून रीडिंग घेतलं त्याचं नाव काय हे कोणी विचारत नाही.

सगळ्यांनी उठून वनस्पतीतज्ज्ञ व्हावं असं माझं म्हणणं नाही. सेमिस्टर पॅटर्नमध्ये ते जमणारही नाही. पण कुक यांच्याकडून दोन गोष्टी घेता येतील. एक म्हणजे, ब्रँच सिव्हिल असली म्हणून कुतूहलाला कंपाउंड वॉल घालायची गरज नसते. आणि दुसरी म्हणजे ते उद्गारचिन्ह. लॅबमध्ये रीडिंग न घेताच मागच्या बॅचच्या जर्नलवरून ग्राफ काढायचे दिवस आपल्याकडे अजून सरलेले नाहीत, स्टाफलाही ते ठाऊक आहे. आज त्याचं काही बिघडत नाही. पण उद्या कोणी तरी आपल्या सहीवर विश्वास ठेवून पुलावरून गाडी नेणार आहे. तेव्हा जे पाहिलं त्यापुढे चिन्ह करावं, जे नाही पाहिलं ते कोरं सोडावं. आणि साइटवर ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचं नाव, मग तो नुसता भिवा का असेना, नोंदीत यावं.

येत्या अभियंता दिनाला विश्वेश्वरय्यांच्या फोटोशेजारी त्यांच्या प्राचार्यांचा फोटो लावा असं काही मी सुचवत नाही. पण पावसाळा संपता संपता ट्रेकला जाल, तेव्हा कुंपणावर पांढऱ्या फुलांची वेल दिसली तर जरा थांबा. पानाचा देठ फांदीला कसा वेढलाय ते जवळून बघा. पुस्तकात तिचं नाव पहिलं आहे.